आठवीनंतर पुढं काय? वाढत्या वस्तीला स्वतःचं हायस्कूल मिळतं तरी कसं

जून उजाडला की शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये एकच चर्चा सुरू होते. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत, फार तर आठवीपर्यंत. पोराच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला पडला, आता घालायचं कुठं? दहा वर्षांपूर्वी जिथे ज्वारी होती तिथे आज तीन-चार मजली इमारतींच्या रांगा आहेत, नळ आलेत, रस्ता झालाय. हायस्कूल मात्र जुन्या गावात नाहीतर हायवेच्या पलीकडे. ग्रामसभेत ठराव होतो, आमदारांना निवेदन जातं, एक दिवस पेपरात ‘हायस्कूल मंजूर’ अशी बातमी येते. पेढे वाटले जातात. मग दोन वर्षं काहीच हलत नाही.

कुणीतरी फाइल दाबून ठेवली, असा सगळ्यांचा समज होतो. कधीकधी तसं असतंही. पण ‘मंजूर’ या एका शब्दात महाराष्ट्रात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी येतात: वर्ग उघडण्याची परवानगी, शिक्षकांची पदं, पगाराचे पैसे आणि दहावीला मुलं बसवण्याचा अधिकार. या चारही गोष्टी वेगवेगळ्या टेबलांवरून येतात आणि सहसा एकत्र येत नाहीत. बातमी बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीची असते.

आठवीपर्यंत हक्क, नववीपासून धोरण

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला घराजवळ मोफत शाळा मिळाली पाहिजे, असं तो सांगतो. ‘जवळ’ म्हणजे किती तेही ठरलेलं आहे: पाचवीपर्यंत १ किलोमीटर, सहावी ते आठवी ३ किलोमीटर. त्या अंतरात शाळा नसेल तर सरकारला जाब विचारता येतो.

हा हक्क आठवीला संपतो. नववी-दहावीसाठी अंतराचा आकडा आहे, पण तो कायद्यात नाही, योजनेत आहे. केंद्राने २००९ साली माध्यमिक शिक्षण अभियान सुरू केलं तेव्हा ५ किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असावी असं उद्दिष्ट ठेवलं. २०१८ मध्ये ही योजना ‘समग्र शिक्षा’त विलीन झाली. उद्दिष्ट हुकलं म्हणून कुणाला कोर्टात खेचता येत नाही. २०२० चं नवं शैक्षणिक धोरण नववी ते बारावी हा एकच टप्पा मानतं, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. म्हणून निवेदनात ‘आमचा हक्क आहे’ एवढंच लिहून भागत नाही. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी हक्काची भाषा चालते, नववीपासून गरज आकड्यांनी दाखवावी लागते.

याचाच एक चटका पालकांना उशिरा बसतो. खासगी शाळेत २५ टक्के राखीव जागांवर मोफत शिकलेल्या मुलाला नववीपासून पूर्ण फी भरावी लागते. वस्तीत परवडणारं हायस्कूल नसेल तर ही मुलं सगळ्यात आधी अडकतात.

मुलं मोजायची कशी?

साखर कारखान्याकडे उसाची नोंद लागवडीच्या वेळीच करतात. ऊस तोडायला आला आणि मग कारखान्यात गेलं तर तोड मिळत नाही. हायस्कूलचं गणितही तेच आहे. नव्या वस्तीत तरुण जोडपी येतात. आधी अंगणवाडी भरते, मग पहिली-दुसरी. आठवीची गर्दी व्हायला अंगणवाडी भरल्यापासून साधारण दहा वर्षं लागतात. लोक मागणी करतात ती मूल सातवीत गेल्यावर. तोवर मोकळे भूखंड विकले गेलेले असतात आणि प्रस्ताव मंजूर होईपर्यंत ते मूल दहावी झालेलं असतं. मागणीची खरी वेळ अंगणवाडीत बसायला जागा पुरेनाशी होते तीच.

सरकारी कागदावर मात्र ही वाढ दिसतच नाही, कारण शेवटची जनगणना २०११ ची आहे. त्या आकड्यांत तुमची वस्ती म्हणजे कदाचित अजून चाळीस उंबऱ्यांचा मळा असेल. म्हणून पुरावा आपणच गोळा करायचा, आणि तोही अधिकाऱ्याला तपासता येईल असा. अंगणवाडीच्या नोंदी, प्राथमिक शाळेचा इयत्तावार पट, ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी आणि आठवीनंतर बाहेर जाणाऱ्या मुलांची शाळानिहाय यादी, एवढं पुरे.

हिशोब असा मांडायचा. समजा अंगणवाड्यांत ३ ते ६ वयाची २४० मुलं आहेत, म्हणजे दर वर्षाला साधारण ८०. यातली निम्मी इंग्रजी माध्यमाच्या किंवा शहरातल्या शाळांत जातील असं धरा. उरली ४०. म्हणजे दर इयत्तेची एक तुकडी नीट भरते. ही निम्म्याची वजाबाकी बहुतेक प्रस्तावांत नसते. सगळी ८० मुलं आपल्याकडे येतील असं लिहिलं जातं, पहिल्या वर्षी ३२ येतात, आणि पुढच्या प्रत्येक मागणीवर अधिकारी तो ३२ चा आकडा दाखवतो. कमी लिहून जास्त भरलेलं केव्हाही बरं. भाड्याने राहणारी कुटुंबं वेगळी मोजा. ती दोन-तीन वर्षांत हलतात.

शाळा काढणार कोण?

पहिला मार्ग जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेला पुढचे वर्ग जोडण्याचा. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या ‘प्रशाला’ दहावीपर्यंत असणं नवं नाही. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि तिथली माध्यमिक शाळा सरकारी असायची. पश्चिम महाराष्ट्रात हे काम संस्थांनी केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ ची. त्यामुळे तिकडे जिल्हा परिषदेचं हायस्कूल म्हटलं की अधिकारीसुद्धा क्षणभर थबकतो. या मार्गात मोठी अडचण पात्रतेची. प्राथमिकचे गुरुजी डीएड असतात, नववी-दहावीला मात्र त्या विषयाचा पदवीधर आणि बीएड झालेला शिक्षक लागतो. एक खोली रिकामी आहे म्हणून नववी सुरू झाली, असं होत नाही.

दुसरा मार्ग अनुदानित संस्थेचा. अनुदानित म्हणजे शाळा संस्थेची, पगार सरकारचा. लोकांच्या मनात हायस्कूल म्हणजे हेच असतं. पण असं नवं हायस्कूल आता जवळजवळ मिळत नाही. सरकारने पूर्वी ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शेकडो शाळांना परवानगी दिली, २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला, आणि तेव्हापासून त्या शाळांना २०, ४०, ६० टक्के अशा टप्प्यांनी अनुदान देण्याचं काम रेंगाळलं आहे. आझाद मैदानावर दरवर्षी जे शिक्षक बसलेले दिसतात त्यातले कित्येक याच शाळांचे. रांग आधीच इतकी लांब असताना नव्या शाळेला अनुदानाचं आश्वासन कुणी देत असेल तर ते लेखी मागा.

तिसरा मार्ग स्वयंअर्थसहाय्यित शाळेचा, म्हणजे सगळा खर्च संस्थेने स्वतः करायचा. यासाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. नोंदणीकृत संस्था, न्यास, कंपनी, अगदी स्थानिक स्वराज्य संस्थाही अर्ज करू शकते. आधी ‘इरादापत्र’ मिळतं. अटी पूर्ण करा, मग परवानगी देऊ, असं सांगणारं ते पत्र. पेपरातली ‘मंजूर’ची बातमी बरेचदा याच पत्राची असते. अशी शाळा लवकर उभी राहते, पण खर्च फीमधून निघतो. ती फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते.

एक चौथी वाटही आहे. जुन्या गावठाणातल्या एखाद्या अनुदानित शाळेचा पट घसरत असतो, वर्ग रिकामे पडतात आणि शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरण्याच्या भीतीत असतात. अशा शाळेचं किंवा तिच्या तुकडीचं शासनाच्या परवानगीने स्थलांतर होऊ शकतं. पदं आधीपासून मंजूर असतात, त्यामुळे सरकारवर नवा पगार पडत नाही. जुन्या गावातून विरोध होतो हे खरं, आणि तो चुकीचाही नसतो, कारण उरलेल्या मुलांची सोय कुणी करायची हा प्रश्न राहतोच. तरीही आपल्या पाच किलोमीटरच्या परिघात अशी शाळा आहे का, हे निवेदन लिहिण्याआधी पाहायला हवं.

चार कागद, चार कामं

शाळेचे कागद माणसाच्या कागदांसारखेच असतात. परवानगी म्हणजे जन्मदाखला. यूडायस क्रमांक म्हणजे आधार. तो ११ अंकी असतो: पहिले दोन राज्याचे (महाराष्ट्राचे २७), मग दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे किंवा प्रभागाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. हा क्रमांक नसेल तर ऑनलाइन नोंदींच्या जगात ती शाळा अस्तित्वातच नसते. संचमान्यता म्हणजे रेशनकार्ड: घरात किती माणसं, त्यावर किती धान्य. ३० सप्टेंबरच्या पटावरून किती शिक्षक द्यायचे ते दरवर्षी ठरतं. आणि मंडळाचा सांकेतांक म्हणजे मतदारयादीतलं नाव. तो असेल तरच दहावीच्या परीक्षेला मुलं शाळेच्या नावाने बसतात. हा राज्य मंडळाचं विभागीय कार्यालय देतं. अशी नऊ कार्यालयं आहेत.

घोळ सगळ्यात जास्त संचमान्यतेत होतो. वर्गात ४१ मुलं बसलेली असतात, पण ऑनलाइन ३३ च मोजली जातात. कारणं क्षुल्लक असतात. आधारवरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव जुळत नाही, जन्मतारखेत फरक असतो, किंवा जुन्या शाळेने मुलाचं नाव ऑनलाइन सोडलेलंच नसतं. शेवटचं कारण नव्या शाळेला हमखास भोवतं, कारण तिची सगळीच मुलं कुठून तरी आलेली असतात. मूल गेलं की जुन्या शाळेचा पट घटतो, त्यामुळे तिथेही फारशी घाई नसते. जुलैअखेरपर्यंत प्रत्येक मुलाची ऑनलाइन बदली पूर्ण झाली का हे मुख्याध्यापकांनी यादी घेऊन तपासावं. सप्टेंबरात तपासून उपयोग नाही.

सांकेतांकाचा घोळ उशिरा कळतो, म्हणून तो जास्त वाईट. आठवी उघडली, नववी उघडली, सगळे खूश. दहावीचे अर्ज परीक्षेच्या आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायची वेळ येते तेव्हा कळतं, की मंडळाकडे प्रस्तावच गेलेला नाही. मग मुलं दुसऱ्या शाळेच्या पटावर दाखवली जातात किंवा १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसवली जातात. प्रवेश घेतानाच पालकांनी विचारायचा प्रश्न हा: दहावीचा सांकेतांक कधी मिळणार आणि त्याचा प्रस्ताव कुठं आहे?

परवानगीच नसेल तर? आठवीपर्यंतचे वर्ग मान्यतेशिवाय चालवल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवले तर दिवसाला १० हजार. दंड संस्थेला होतो, दाखला मात्र मुलाचा अडतो.

जागा आणि इमारत

शहरालगत असाल तर आधी विकास आराखडा पाहा. त्यात ‘प्राथमिक शाळा’, ‘माध्यमिक शाळा’ अशी आरक्षणं असतात. आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. ‘हायस्कूलसाठी राखीव’ म्हणून दाखवलेल्या कित्येक जागांवर पुढे इमारती दिसतात त्या यामुळे. आरक्षणाची तारीख आणि नोटीस आली का, हे दोन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात.

गावात सगळ्यांची नजर गायरानावर जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर आणि त्यावरच्या शासन निर्णयानंतर गायरान देणं अवघड झालंय. सार्वजनिक कामासाठी, दुसरी जागा नाही हे सिद्ध झाल्यावर, सरकारी यंत्रणेला ते मिळू शकतं. खासगी संस्थेला गायरान देऊ असं कुणी म्हणत असेल तर त्या भरवशावर पाया खणू नका.

इमारतीबद्दल मात्र लोक उगाच अडून बसतात. एका तुकडीच्या आठवी ते दहावीला तीन वर्ग लागतात, प्रत्येकी साधारण ५०० चौरस फुटांचे. एक प्रयोगशाळा, एक कार्यालय, मुलींची आणि मुलांची वेगळी स्वच्छतागृहं, पाणी. पहिल्या वर्षी फक्त आठवी असते, एक वर्ग पुरतो. पुढची इयत्ता दरवर्षी वाढते, त्याला ‘नैसर्गिक वाढ’ म्हणतात. प्राथमिक शाळेत दुपारच्या अधिवेशनात सुरुवात करता येते. प्रयोगशाळेला मात्र पर्याय नाही, आणि नेमकी तीच शेवटी बांधली जाते.

इमारत म्हणजे मांडव. तो एकदा घातला की झालं. पगार हा रोजचा संसार आहे. आमदार निधीतून वर्गखोल्या होतात, गणिताच्या मास्तरांचा पगार होत नाही.

पाच शिक्षकांचं कोडं

एका तुकडीचं आठवड्याचं वेळापत्रक साधारण ४५ ते ४८ तासिकांचं. आठवी, नववी, दहावी मिळून १४० च्या आसपास. एक शिक्षक आठवड्याला ३० तासिका घेतो असं धरलं तर पाच शिक्षक होतात. कागदावर जमलं.

आता विषय लावून बघा. दहावीला सहाशे गुणांचे सहा विषय: तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं. गणित आणि विज्ञान मिळून एका वर्गाला आठवड्याच्या १३-१४ तासिका धरल्या तर तीन वर्गांच्या ४० झाल्या. एका माणसाच्या आवाक्यातलं हे काम नाही, आणि दोन नेमले तर दोघांना पुरेसं काम भरत नाही. मग दुसऱ्या गणित शिक्षकाकडे भूगोल येतो, हिंदीच्या बाईंकडे इतिहास. चित्रकला आणि खेळ कुणाकडेच नसतात. तुकड्या दोन झाल्या की हे कोडं आपोआप सुटतं. प्रत्येक इयत्तेत एकच तुकडी असलेल्या हायस्कूलची ओढाताण शिक्षकांच्या आळसामुळे होत नाही, ती या भागाकारामुळे होते.

‘त्यापेक्षा बस द्या की’

हा आक्षेप वजनदार आहे. ग्रामीण भागात पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा प्रवास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी खास निळ्या बस आहेत. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या. त्यावरच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतलं मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, आणि हायस्कूल ३ किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत फरक जास्त होता. अंतर कापायची सोय केली की मुली शिकतात, हे यातून दिसतं.

म्हणून वर्षाला १५-२० मुलं असलेल्या वस्तीने हायस्कूलपेक्षा वेळेवर येणारी बस मागावी, हेच बरं. तिथे शाळा निघाली तरी वर सांगितलेला भागाकार तिला जगू देणार नाही. पण दरवर्षी ८० मुलं बाहेर जात असतील तर बसचं गणित उलटं फिरतं. संध्याकाळची एकच फेरी असते. ती गाठायची म्हणून मुलगी प्रयोगाचा तास अर्धा सोडते, जादा तासाला थांबत नाही, खेळात नाव देत नाही. फेरी रद्द झाली की त्या दिवशी शाळाच बुडते.

‘इकडे पट नाही म्हणून शाळा बंद, तिकडे नवी?’

दोन्ही खरं आहे, कारण मुलं कमी झाली तशी ती हललीही आहेत. डोंगरातल्या वाडीचा पट घटतो तो जन्म घटल्याने आणि कुटुंबं शहराच्या कडेला आल्याने. ती मुलं तुमच्याच वस्तीत आलेली असतात. मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे निकष बदलले तेव्हा कमी पटाच्या शाळांतून मोठी ओरड झाली, ती या घसरणीमुळेच. वाढत्या वस्तीनेही आपली लाट ओसरणार हे धरून चालावं. सगळी घरं एकाच पाच-सात वर्षांत भरली असतील तर दहावीची गर्दीही पाच-सात वर्षंच टिकेल. म्हणून सहा तुकड्यांची जागा घ्या, इमारत तीन तुकड्यांची बांधा, आणि पाया वर मजला चढेल असा घाला.

शेजारच्या संस्थेचा विरोध

याबद्दल उघड कुणी बोलत नाही, पण प्रस्ताव सर्वाधिक इथेच अडतात. तुमच्या शाळेला आठवी जोडली की शेजारच्या हायस्कूलची आठवीची भरती तुटते, तिथली तुकडी जाते, एक-दोन शिक्षक अतिरिक्त ठरतात. ते हरकत घेणारच. त्यांच्याकडे आज तुमच्या वस्तीतली किती मुलं जातात हे प्रस्तावातच लिहा, आणि त्यांचे वर्ग आधीच भरून वाहत असतील तर त्यांचा पटही जोडा. हरकतीला उत्तर आधीच फाइलमध्ये असलं की शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना सही करणं सोपं जातं.

‘पहिल्या बॅचवर प्रयोग कशाला?’

पहिल्या तुकडीला काही गोष्टी कमी मिळतात, हे लपवण्यात अर्थ नाही. मुख्याध्यापक प्रभारी असतात, ग्रंथालय एका कपाटात असतं, दहावीचं परीक्षा केंद्र दुसऱ्या शाळेत असतं. पालकांनी तीन गोष्टी पाहून ठरवावं: गणित आणि विज्ञानाचे शिक्षक नेमणूकपत्रावर आहेत की तासिका तत्त्वावर, यूडायस क्रमांक मिळाला आहे का, आणि नववीच्या नैसर्गिक वाढीचा प्रस्ताव आठवीच्या पहिल्या सहामाहीतच गेला आहे का. यातलं एक जरी ‘होईल लवकरच’ असेल, तर धाकट्याला तिथे घाला आणि थोरल्याचा पास काढा.